दादाचा पंप आणि काचवाल्याचे पंखे

दादा सातवी नापास. हे तो स्वतःहून सांगतो आणि छाती काढून सांगतो, कारण त्यापुढचं वाक्य त्याला बोलायचं असतं. "सातवी नापास, पण या शहरातल्या निम्म्या गच्च्यांवर पाणी मी चढवलंय." निम्म्या म्हणजे जरा जास्तच झालं. पण दादाच्या तोंडून आलेली गोष्ट थोडी वाढूनच येते, जसं ताटात आईच्या हातचं येतं. कमी कधी पडणार नाही.

दादा पंप बसवतो, दुरुस्त करतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचं, बेअरिंग गेलंय. उघडून बघा, बेअरिंगच गेलेलं असतं. पाइपावर नुसता तळहात ठेवला तरी आत पाणी किती आहे आणि हवा किती आहे ते त्याला कळतं. बढाई मारतो हे खरं, पण बढाईला खाली फाउंडेशन आहे.

वडील गेले तेव्हा दादाने शाळेचं दप्तर खुंटीला लावलं आणि पान्हा हातात घेतला. धाकट्याला शिकवलं. सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, नोकरीच्या मुलाखतीला जाताना बूट कुठला घालायचा तेसुद्धा सांगितलं. धाकटा आता एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. हत्यारं उकळतो, दिवा धरतो, घाबरलेल्या पेशंटचा हात धरतो. डोकं थंड, पण स्वतःचा निर्णय स्वतः घेईल तर शपथ. फ्रिज कुठला घेऊ, दादाला विचार. भिंतीला रंग कुठला देऊ, दादाला विचार. लग्नाला मुलगी बघायला गेले तेव्हा दादाने मान हलवली आणि मग धाकट्याने हलवली.

आणि दादाने जिला मान हलवली, तिचाच भाऊ म्हणजे हा काचवाला.

काचवाला हे नाव दादानेच पाडलेलं. तो चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासतो. हडकुळा, हळू बोलणारा. भांडायला बोलवा, येणारच नाही. तुम्ही चार शिव्या द्या, तो म्हणेल, "असेल बुवा तसंही." अशा माणसाचा राग फार येतो. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो, हा म्हणजे कापसाची गादी. घरी मासे पाळतो एवढाच त्याचा शौक, आणि इतकी वर्षं त्या शौकाचा दादाला काही त्रास नव्हता.

त्रास सुरू झाला तो टाकीमुळे. धाकट्याच्या डॉक्टरने दवाखाना मोठ्या जागेत हलवला आणि जुन्या जागेतली माशांची सहा फुटी काचेची टाकी धाकट्याला देऊन टाकली. जाड काच, खाली लोखंडी स्टँड. आणायला दादा. चौघांना हाताशी धरून, तीन वळणांच्या जिन्यातून, एक ओरखडा न पडू देता दादाने ती टाकी हॉलमध्ये आणली. स्टँडच्या चारही पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून लेव्हल काढली, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही टोकं मापली, आणि म्हणाला, "आता यावर बशीत चहा ठेव, हलणार नाही." धाकट्याच्या बायकोने खरंच ठेवून बघितला. नाही हलला. तो दिवस दादाचा होता.

पुढच्याच आठवड्यात दादा सहज म्हणून गेला, तर हॉलमध्ये काय दिसावं? धाकटा आणि काचवाला टाकीपुढे उकिडवे बसलेले, डोक्याला डोकं लावून, आणि धाकटा त्याला विचारतोय, "मग पाणी फिरवायचं कसं?"

दादा चपला काढता काढता थांबला. एक पाय चपलेत, एक बाहेर. फ्रिज विचारला असता, चाललं असतं. रंग विचारला असता, तेही गिळलं असतं. पण पाणी? ज्या घरात दादा आहे त्या घरात पाणी कसं फिरवायचं हे भिंगं घासणाऱ्याला विचारायचं? त्याच्या पोटात जे दुखलं ते अपेंडिक्ससारखं दुखलं, उजव्या अंगाला, खोल.

"ये ना दादा," धाकटा म्हणाला. "हा सांगत होता, टाकीतलं पाणी एका जागी थांबलं की घाण तिथे बसते, कुजते, आणि सगळं पाणी बिघडतं. नुसता फिल्टर लावून भागत नाही. पाणी सगळीकडे फिरायला पाहिजे."

दादा म्हणाला, हे सांगायला काय काचवाला लागतो, थांबलं पाणी नासतं हे शेंबडं पोर सांगेल. मग त्याने पान मांडल्यासारखी आपली योजना मांडली. बाहेर एक पंप. टाकीच्या उजव्या अंगाने पाणी ओढायचं, मागून पाइप न्यायचा, डाव्या अंगाने आत सोडायचं. जोर कमी-जास्त करायला मध्ये एक व्हॉल्व्ह. एकदा बसवलं की नातवंडांपर्यंत बघायला नको.

काचवाल्याने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला की त्याच्या मते दोन छोटे पंखे बरे. पाण्यातच बसतात, चुंबकाने काचेला चिकटतात, दोन कोपऱ्यांत समोरासमोर लावले की पाणी सगळीकडे घुसळतं, पण धक्का बसत नाही. "हे सोनेरी मासे आहेत ना, लांब शेपटीचे. पदर सांभाळत चालणाऱ्या बाईसारखे. जोराच्या धारेत त्यांचे हाल होतात." धाकट्याची बायको मध्येच म्हणाली, मला तर नुसते बुडबुडे आवडतात, आवाजाने झोप छान लागते. तिचं मत कुणी मोजलं नाही. बुडबुड्यांनी वरचं पाणी हलतं, एवढं मात्र काचवाला तिला म्हणाला. भाऊ ना तो, जरा तरी बोलला.

"पंखे," दादा म्हणाला. "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. तुझा पंखा पाणी किती मजले चढवतो?"

"चढवत नाही, दादा. चढवायचं नाहीच आहे. फिरवायचं आहे."

"असं का. म्हणजे कामचोर पंप."

काचवाला म्हणाला, "असेल बुवा तसंही."

धाकटा दोघांच्या मध्ये. त्याने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि दातांच्या दवाखान्यात शिकलेला, कुणालाच न दुखवण्याचा उपाय काढला. म्हणाला, दोघांनीही आपापलं बसवा. पाणी भरून ठेवू. रविवारी संध्याकाळी दोन्ही चालवून बघू, जे बरं ते ठेवू, आणि त्याच संध्याकाळी मासे सोडू. मासे तोवर काचवाल्याच्या घरी टबात.

दादाला हे लागलं. आजवर धाकट्याने त्याचा शब्द कधी दुसऱ्याच्या शब्दाबरोबर तराजूत घातला नव्हता. पंप की पंखे हा प्रश्न दादाच्या लेखी तिथेच संपला होता. आता प्रश्न एवढाच उरला होता की रविवारी धाकटा तोंड कुणाकडे वळवून "ठरलं" म्हणणार.

दादाने पंप बसवला तो असा बसवला की बघत राहावं. पाइप भिंतीला सरळ रेषेत, क्लिपा सारख्या अंतरावर, एकाही सांध्यातून थेंब नाही. दुपार गेली. काचवाला आला, खिशातून दोन पंखे काढले, काचेला टक्‌ टक्‌ चिकटवले, पाण्यात कसलेसे थेंब टाकले आणि चहा प्यायला बसला. दादाला वाटलं, हे काम आहे? हे तर फ्रिजच्या दाराला स्टिकर लावणं झालं.

त्या आठवड्यात दादाचे कान फोनकडेच होते. धाकट्याचा फोन आला तरी तो आधी विचारायचा, तो आला होता का. आला होता म्हटलं तरी वाईट, नाही म्हटलं तरी वाटायचं लपवतोय. एकदा फोनवर धाकटा हसून म्हणाला की काचवाल्याने एक गंमत सांगितली, सोनेरी माशाला पोटच नसतं, नुसतं आतडं. दादाने ती गंमत हसण्यावारी नेली नाही. रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "पोट नसलेल्या प्राण्यासाठी माझ्या भावाचं डोकं फिरवलंय त्याने." बायको ताट उचलता उचलता म्हणाली, "अहो, तुम्हाला सवत आलीय म्हणायची." दादाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

शनिवारी दुपारी धाकटा दवाखान्यात असताना दादा त्याच्या घरी गेला. हातात पिशवी. भावजयीने दार उघडलं. सांध्यांवर एक नजर टाकून जातो, तो म्हणाला. खरं त्याला पुरावा पाहिजे होता. रविवारी नुसतं तोंडाने बोलून भागणार नव्हतं, तोंडाने तर तो आठवडाभर बोलतच होता. काचवाल्याच्या पंख्यांनी पाणी कुठे पोचत नाही ते डोळ्यांनी दाखवायचं होतं.

पिशवीत गळती शोधायची हिरवी पूड होती. गच्चीच्या टाकीत चिमूटभर टाकली की ज्या भिंतीतून हिरवं पाझरेल तिथे पाइप फुटलाय. निरुपद्रवी पूड, पण रंग असा की चिमटीत धरली तरी बोटं दोन दिवस हिरवी. दादाने ठरवलं, आज आपल्या पंपाची परीक्षा स्वतःच घेऊन ठेवावी, उद्या सगळ्यांसमोर हेच करू. भावजय पदराला हात पुसत बघायला उभी राहिली. दादाला प्रेक्षक असला की बरं वाटतं, मग तो काचवाल्याच्या बहिणीच्या रूपात का असेना. उलट जास्तच बरं वाटतं.

पंप चालू केला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर डाव्या तोंडातून धार अशी आली की खालची वाळू उडाली आणि खड्डा पडला. दादाने व्हॉल्व्ह अर्ध्यावर आणला. मग चिमूटभर पूड.

हिरवी रेघ सुटली. पुढच्या काचेला धरून सरळ धावली, उजव्या टोकाला गेली, आणि पाइपात शिरली. पुन्हा डावीकडून आली, पुन्हा त्याच वाटेने गेली. दादा म्हणाला, बघ, कशी फिरतेय. भावजय म्हणाली, हो की. मग तिने बोट दाखवलं. मागे, मोठ्या दगडाच्या आड, लाकडाचा ओंडका ठेवला होता तिथे पाणी स्वच्छ होतं. कोरं. जसं काही त्या कोपऱ्याला कुणी निरोपच दिला नव्हता.

"पोचेल," दादा म्हणाला.

वाट बघितली. पुढचं पाणी गडद होत गेलं, मागचा कोपरा तसाच. दादाने टाकीच्या काचेवर तळहात ठेवला, जसा पाइपावर ठेवतो. काच काही बोलली नाही. शेवटी त्याने पंप बंद केला आणि जे करायला आला होता ते केलं, काचवाल्याचे पंखे लावले. दोन छोटी पाती फिरली. आवाज इतका बारीक की दादाच्या कानालाही मिळेना. आणि हिरवं हळूहळू दगडाला वळसा घालून आत शिरलं. ओंडक्याखाली गेलं, वर आलं, कोपऱ्यात भोवरा केला. उदबत्तीच्या धुरासारखं, घाई नाही, पण सगळीकडे. थोड्या वेळाने तो कोरा कोपरा शोधूनही सापडेना.

दादा खुर्चीवर बसला. भावजय अजून वाकून काचेतून तो कोपरा शोधत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. आज संध्याकाळी ती भावाला फोन करणार. उद्या काचवाला येणार, हळूच हसणार, म्हणणार, "असेल बुवा तसंही."

मग दुसरी गोष्ट दादाच्या लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. टाकी हिरवी होती. सगळी. आयुष्यभर त्याने जे पाणी हाताळलं ते एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने जातं. रंग टाकला की दोन नळ सोडायचे, रंग गेला. इथे पाणी जातच नव्हतं. तेच पाणी, तिथल्या तिथे, गोल गोल. पंप बसवताना त्याने तोंडाने दहा वेळा "फिरवायचं" म्हटलं होतं, पण हाताला सवय वाहून जाणाऱ्या पाण्याची. रंग टाकताना जाईल कुठे हे त्याच्या मनातच आलं नाही. असली चूक शिकाऊ पोराने केली असती तर दादाने त्याची वर्षभर टिंगल केली असती.

"हे दवाखान्यातून यायच्या आत पाणी बदलावं लागेल," भावजय म्हणाली.

बदललं. तिथे मात्र दादाचा पंप कामाला आला. सांधा उघडून, नळी मोरीत सोडून, सगळी टाकी त्याने बघता बघता उपसून टाकली. भावजय कौतुकाने म्हणाली, पंप भारी आहे हां. दादाला वाटलं, हे कौतुक आज कशाला, आज याचा काय उपयोग. वाळू दोघांनी बादलीत धुतली, पुन्हा पसरली. नळाचं ताजं पाणी भरता भरता ती मध्येच थांबली.

"दादा, त्याने त्या पाण्यात थेंब टाकले होते. नळाच्या पाण्यात ते औषध असतं ना जंतूंचं, ते मारायला. आणि पाणी मुरत ठेवलं होतं आठवडाभर. हे ताजं पाणी माशांना चालणार नाही."

म्हणजे उद्या मासे सोडले तर मरणार. आणि उद्या मासे सोडायचे नाहीत तर कारण सांगायला लागणार. दादाने कपाळावरचा घाम पुसला, कपाळ हिरवं झालं. भावजय हसली नाही. म्हणाली, "मी सांगते ना. आत भिंतीचा पोपडा पडला, घाण झालं, म्हणून मीच बदललं म्हणते. तुम्ही आलाच नव्हता."

दादाने मान हलवली. बाईमाणसाच्या आडोशाला जाऊन उभं राहायची वेळ त्याच्यावर यापूर्वी आली नव्हती. जिना उतरताना प्रत्येक पायरीला त्याला वाटत होतं, परत जावं. गेला नाही.

रविवारी संध्याकाळी काचवाला आला. झाकणाची मोठी बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून, जिन्यात एक थेंब न सांडता. दादाने ते बघितलं आणि तेवढ्याचाही त्याला हेवा वाटला. धाकट्याने टाकीपुढे खुर्च्या मांडल्या होत्या, जसं काही नाटक आहे. भावजयीने चहा आणला, ट्रे ठेवला, आणि ठरल्याप्रमाणे सांगायला लागली. पोपडा पडला, पाणी घाण झालं, म्हणून काल बदललं.

काचवाल्याने बादली खाली ठेवली. आणि हा कापसाचा माणूस, दादाने पहिल्यांदाच बघितलं, चिडला. आवाज चढवला नाही, पण बहिणीला म्हणाला, तुला एवढं सांगून ठेवलं होतं, एक फोन करता येत नव्हता का, लहानपणापासून तुझं हेच, हात आधी आणि डोकं नंतर. धाकटाही म्हणाला, अगं खरंच, विचारायचं तरी. भावजय ट्रेकडे बघत ऐकून घेत होती. दादाकडे तिने एकदाही बघितलं नाही.

दादा बसल्या जागी तापला. ती बोलणी खात होती ती त्याच्या वाट्याची, आणि वाढत होता कोण तर काचवाला. उद्यापासून या घरात आलं की काचवाल्याच्या बहिणीचे उपकार डोक्यावर घेऊन यायचं. पंप हरला हे एकवेळ परवडलं. पण त्या घराण्याचं देणं? जमणार नाही.

"तिला बोलू नकोस," दादा म्हणाला. "पाणी मी बदललं. काल मी आलो होतो. तुझ्या पंख्यांची खोड काढायला टाकीत रंग सोडला. माझ्या पंपाने तो मागच्या कोपऱ्यात गेला नाही. तुझ्या पंख्यांनी गेला. आता हस काय हसायचं ते."

कुणी हसलं नाही. धाकटा तोंड उघडं टाकून बघत राहिला. दादा कुठे तरी चुकला हे वाक्य त्याने आजवर ऐकलं नव्हतं, आणि तेही दादाच्याच तोंडून. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मग पंखे." म्हणताना तो ना दादाकडे बघत होता ना काचवाल्याकडे. तो टाकीकडे बघत होता. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी स्वतः ठरवलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

काचवाल्याने बादलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. मासे अजून आठवडाभर टबात, तो म्हणाला, त्यांना काही घाई नाही. बहिणीला हळूच काहीतरी म्हणाला, ती हसली. मग खुर्ची ओढून दादाच्या जवळ आला.

"दादा, रंग कसला टाकलात?"

दादाला वाटलं, आता टोमणा येतो. सावधपणे म्हणाला, "गळतीची पूड. का?"

"माझ्या घरच्या टाकीत एक कोपरा आहे. किती वर्षं झाली, तिथे घाण बसते. पंखे हलवून हलवून थकलो, पाणी कुठून वळतं ते दिसतच नाही. मला हे कधी सुचलंच नाही. याल का एकदा? तुम्हीच टाका, मला प्रमाण कळायचं नाही."

दादाने लगेच हो म्हटलं नाही. लगेच हो म्हणायला तो दादा कशाला. चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, स्वतःच्या हिरव्या बोटांकडे बघितलं. म्हणाला, "बघतो. कामं फार आहेत. आणि रंग टाकायच्या आधी नवं पाणी मुरवून तयार ठेव, उगाच माशांचे हाल नकोत." हे ज्ञान त्याला काल दुपारी झालं होतं, पण सांगण्याचा थाट वीस वर्षांच्या अनुभवाचा.

"पुढच्या रविवारी जमेल?" काचवाल्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी?" धाकटा मध्येच बोलला. "पुढच्या रविवारी इथलं कोण करणार? पंप काढायचाय, भिंतीतली क्लिपांची भोकं बुजवायचीत. आणि मला पण बघायचा होता तो रंग. मी दवाखान्यात असताना टाकलास, आता त्याच्याकडे जाऊन टाकणार. आधी माझ्याकडे नको का?"

बोलताना त्याचा आवाज जरा आंबट झाला होता. दादाने तो ऐकला आणि मान तिरकी केली, जशी मोटारीचा आवाज ऐकताना करतो. हा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. आठवडाभर तो त्याच्याच पोटातून येत होता. आता धाकट्याच्या पोटातून येत होता, उजव्या अंगाने, खोलातून.

दादा खुर्चीत मागे टेकला. चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला.

"भांडू नका," तो म्हणाला. "कुणाकडे आधी यायचं ते मी सवडीने कळवतो."